तापाची पाळी

'पाळी' म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा येणारी गोष्ट. मासिक पाळी, कामाची पाळी, तशीच तापाचीही! आयुर्वेदात दिवसाआड येणारा ताप तो तृतीयक (आलेला दिवस धरून मोजायचं), दोन दिवस सोडून येणारा चतुर्थक. ग्रीक वैद्यांची मोजणीही हीच. कारण मात्र १८८० च्या दशकात कळलं. लाव्हरान यांनी रक्तात मलेरियाचे परजीवी पाहिले. मग इटलीच्या गॉल्जींनी दाखवलं की ते ४८ किंवा ७२ तासांनी तांबड्या पेशी फोडून एकदम बाहेर पडतात, तेव्हाच थंडी वाजून ताप भरतो.

पण सर्वांत घातक फाल्सिपेरम मलेरिया ही पाळी बरेचदा पाळत नाही. "काल ताप नव्हता, म्हणून थांबलो," असं पेशंट सांगतात. थांबू नका. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.