तापीकाठचं हरिपुरा

बारडोलीचं नाव शाळेच्या पुस्तकामुळे सगळ्यांना पाठ असतं. तिथून ईशान्येला, कडोदजवळ, तापीच्या काठी वसलेलं हरिपुरा मात्र आम्हा सुरतकरांपैकीही थोड्यांनीच पाहिलेलं असतं. उकाईतून जास्त पाणी सोडलं की तिथला कॉजवे बुडतो, तेवढ्यापुरती बातमी येते, आणि पुन्हा सगळं शांत.

फेब्रुवारी 1938 मध्ये याच गावात काँग्रेसचं 51वं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. अधिवेशनं खेड्यात भरावीत, हा गांधीजींचा आग्रह. त्याची सुरुवात डिसेंबर 1936 मध्ये आपल्या खानदेशातल्या फैजपूरला झाली, नंतर हरिपुरा. दोन्ही गावं तापीच्याच खोऱ्यातली! आणि दोन्हीकडे सजावटीला शांतिनिकेतनचे नंदलाल बोस. त्यांनी आसपासच्या खेड्यांत हिंडून माणसं पाहिली आणि मातीच्या रंगांत, हातकागदावर चितारली. त्यात पुढारी नव्हते. सुतार, शिंपी, ढोल वाजवणारा, बैल आवरणारा गडी, धान्य कांडणाऱ्या बाया होत्या. त्यातली बरीच चित्रं आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

मला हे फार मोलाचं वाटतं, कारण या भागाचा इतिहास आपण नेहमी जमीनमालकाच्या बाजूनं सांगतो. काळी जमीन, कापूस आणि ज्वारीचं पीक. सरकारनं सारा 22 टक्क्यांनी वाढवला, म्हणून 1928 मध्ये वल्लभभाईंनी सत्याग्रह केला. चौकशीनंतर ती वाढ 6.03 टक्क्यांवर आली. विजय खराच होता. पण त्या शेतांत नांगर धरणारा पुष्कळदा ‘हाळी’ असे. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यायचं आणि मग आयुष्यभर त्याच्याच शेतात राबायचं. बायकोनं त्या घरचं शेणपाणी करायचं. साऱ्याच्या हिशेबात त्यांचं नाव कुठून येणार?

मग पाणी आलं. 1950 च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, 1972 मध्ये उकाईचं धरण. कालव्याच्या पाण्यानं कापूस मागे पडला, ऊस आला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले. गावांत पक्की घरं झाली, मुलं परदेशी गेली. आज दिवाळीनंतर बारडोलीच्या रस्त्यानं जा, दोन्ही बाजूंना नुसता हिरवा ऊस.

तो तोडायला मात्र माणसं बाहेरून येतात. डांगातून आणि आपल्या धुळे-नंदुरबारकडून. मुकादमाकडून उचल घेतलेली नवराबायकोची जोडी, तिला म्हणायचं ‘कोयता’. जिवंत माणसांना हत्याराचं नाव! शेताच्या कडेला झोपड्यांचा पडाव, पहाटेपासून तोडणी, पोरं बांधावर. उचल फिटेपर्यंत सुटका नाही. हाळीपण कागदोपत्री गेलं. कर्जानं बांधून घेण्याची रीत मात्र ओळखीचीच वाटते.

गावाचा वारसा म्हटलं की आपण चौथरा, पुतळा, जुना वाडा शोधतो. नंदलालबाबूंनी 1938 मध्येच दाखवून दिलं होतं की वारसा राबणाऱ्या हातांत असतो. हरिपुऱ्याला जाणाऱ्यानं तापी जरूर बघावी, पण उसाच्या फडाशीही दोन मिनिटं थांबावं आणि ‘कुठले तुम्ही?’ एवढं तरी विचारावं. खानदेशातून तापीचं पाणी इथवर येतं, तशी ही माणसंही तिथूनच आलेली असतात.