शासकीय खरेदी (भारत)

शासकीय खरेदी (सार्वजनिक खरेदी) म्हणजे केंद्र शासन, राज्य शासने, स्थानिक स्वराज्य संस्था आणि सार्वजनिक उपक्रम यांनी सार्वजनिक निधीतून वस्तू, सेवा व बांधकामे मिळवण्याची प्रक्रिया होय. शाळेतील बाके, रुग्णालयातील औषधे, रस्त्याचे डांबरीकरण, कार्यालयाची साफसफाई आणि संरक्षण दलांची सामग्री या सर्वांचा समावेश तीत होतो. खासगी व्यक्ती स्वतःच्या पैशाने आवडीच्या दुकानातून खरेदी करू शकते. शासनाला ते स्वातंत्र्य नाही, कारण खर्च होणारा पैसा करदात्यांचा असतो आणि शासनाला माल विकण्याची संधी सर्व पात्र विक्रेत्यांना समान मिळावी लागते. त्यामुळे शासकीय खरेदीचे मूल्यमापन प्रामुख्याने दोन निकषांवर होते: प्रक्रियेतील निष्पक्षता आणि खर्चाचे योग्य मोल. हे दोन्ही निकष बहुधा परस्परपूरक असतात; मात्र काही प्रसंगी त्यांच्यात ताण निर्माण होतो.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९९ नुसार केंद्राचे करार राष्ट्रपतींच्या नावाने आणि राज्याचे करार राज्यपालांच्या नावाने केले जातात. अनुच्छेद १४ मधील समानतेचा हक्क शासनाच्या करारविषयक निर्णयांनाही लागू होतो. केंद्र स्तरावर सर्व शासकीय खरेदीला लागू होणारा स्वतंत्र कायदा नाही. २०१२ साली लोकसभेत मांडलेले सार्वजनिक खरेदी विधेयक मंजूर न होताच व्यपगत झाले. त्यामुळे केंद्राची खरेदी मुख्यतः सामान्य वित्तीय नियम, २०१७ आणि अर्थ मंत्रालयाच्या नियमपुस्तिका यांनुसार चालते. हे नियम प्रथम १९४७ साली निघाले. १९६३, २००५ आणि २०१७ मध्ये त्यांची पुनर्रचना झाली.

काही राज्यांनी मात्र स्वतंत्र कायदे केले आहेत. तमिळनाडूचा निविदा पारदर्शकता कायदा १९९८ चा, कर्नाटकाचा १९९९ चा, तर राजस्थानचा २०१२ चा आहे. महाराष्ट्रात उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ रोजीच्या शासन निर्णयाद्वारे कार्यालयीन खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. राज्यातील ई-निविदा 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात.

नियम आणि कायदा यांतील भेद व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. नियमांचा भंग झाल्यास प्रामुख्याने खातेनिहाय कारवाई होते. तर खरेदीविषयक कायद्यात नाराज निविदाकाराला दाद मागण्यासाठी ठरावीक अपील-यंत्रणा उपलब्ध करून देता येते. तशी यंत्रणा नसेल, तर त्याच्यापुढे बहुधा उच्च न्यायालयात रिट याचिका करण्याचाच मार्ग उरतो.

खरेदीच्या पद्धती

खरेदीची किंमत जितकी मोठी, तितकी स्पर्धा खुली असावी, हे नियमांमागील मूलतत्त्व आहे. २०१७ च्या नियमांतील मूळ मर्यादांनुसार २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रकाशिवाय घेता येत असे. त्यापुढे अडीच लाख रुपयांपर्यंत तीन सदस्यांच्या स्थानिक खरेदी समितीने बाजारात दर पाहून शिफारस करावयाची असे. २५ लाखांपर्यंत निवडक पुरवठादारांकडून मर्यादित निविदा आणि त्यावरील रकमेसाठी जाहीर निविदा अशी रचना होती. या मर्यादांत पुढे वाढ झाली असली, तरी पायऱ्यांचे तत्त्व कायम आहे. वरिष्ठांची मंजुरी किंवा जाहीर निविदा टाळण्यासाठी एकाच मागणीचे लहान लहान तुकडे पाडण्यास नियमांत स्पष्ट मनाई आहे.

जाहीर निविदेत साधारणपणे पुढील टप्पे येतात:

* गरजेचा अंदाज, तांत्रिक विनिर्देश आणि अंदाजपत्रक तयार करणे.
* निविदा सूचना प्रसिद्ध करणे. देशांतर्गत जाहीर निविदेसाठी सामान्यतः किमान तीन आठवड्यांची मुदत दिली जाते.
* निविदापूर्व बैठक घेऊन शंकांचे निरसन करणे आणि आवश्यक असल्यास सर्वांसाठी शुद्धिपत्रक काढणे.
* बयाणा रकमेसह निविदा स्वीकारणे. बयाणा रक्कम सामान्यतः अंदाजित किमतीच्या दोन ते पाच टक्के असते.
* प्रथम तांत्रिक लिफाफा उघडणे आणि केवळ पात्र ठरलेल्यांचाच दराचा लिफाफा उघडणे.
* तुलनात्मक तक्ता, समितीची शिफारस, स्वीकारपत्र, सुरक्षा अनामत आणि पुरवठा आदेश किंवा कार्यारंभ आदेश.

द्विलिफाफा पद्धतीमागे सरळ कारण आहे. दर आधी कळले, तर तांत्रिक परीक्षण करणाऱ्याचे मत त्या दरांनी नकळत झुकू शकते, किंवा एखाद्या स्पर्धकाला तांत्रिक कारण पुढे करून हेतुपुरस्सर बाद करता येते. दर शेवटपर्यंत बंद राहिल्यास या दोन्ही शक्यता कमी होतात.

केंद्र शासनाने ९ ऑगस्ट २०१६ रोजी गव्हर्न्मेंट ई-मार्केटप्लेस अर्थात 'जेम' हे संकेतस्थळ सुरू केले. त्यापूर्वी केंद्रासाठी दरकरार करणारे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद करण्यात आले.

न्यूनतम दर आणि खर्चाचे मोल

पात्र निविदाकारांपैकी सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम द्यावे, ही भारतातील रूढ पद्धत आहे. अशा निविदाकारास शासकीय परिभाषेत 'एल-१' म्हणतात. या पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिची वस्तुनिष्ठता. निर्णय आकड्यावर होत असल्याने अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव कमी राहतो आणि लेखापरीक्षणात निर्णयाचे समर्थन सोपे जाते. कागद, सिमेंट किंवा प्रमाणित विद्युत साहित्य यांसारख्या, ज्यांचे विनिर्देश नेमकेपणाने लिहिता येतात, अशा वस्तूंसाठी ती समाधानकारक ठरते.

न्यूनतम दर म्हणजे न्यूनतम खर्च मात्र नव्हे. स्वस्त पंप अधिक वीज खात असेल, किंवा स्वस्त रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडत असेल, तर प्रारंभीची बचत देखभालीत निघून जाते. म्हणून खरेदी, वापर, दुरुस्ती आणि विल्हेवाट मिळून होणारा संपूर्ण आयुष्यभराचा खर्च विचारात घेणे ही 'खर्चाचे योग्य मोल' या संकल्पनेची मुख्य मागणी आहे. हा खर्च कसा मोजला जाईल, हे निविदेतच लिहिले असेल, तर वस्तुनिष्ठताही टिकते.

सल्लागार सेवा, आराखडे, संगणक प्रणाली अशा कामांसाठी गुणवत्ता व किंमत यांना ठरावीक भार देऊन एकत्रित गुणांकन करतात. उदाहरणार्थ, 'अ' या काल्पनिक निविदाकारास तांत्रिक परीक्षणात ९० गुण असून त्याचा दर १०० लाख रुपये आहे. 'ब' यास ७५ गुण असून त्याचा दर ८० लाख आहे. न्यूनतम दरास १०० गुण धरल्यास दराचे गुण 'अ'ला ८० आणि 'ब'ला १०० मिळतात. गुणवत्तेस ७० व किमतीस ३० टक्के भार असेल, तर 'अ'चे एकूण गुण ८७ आणि 'ब'चे ८२.५ होतात; महाग असूनही 'अ' निवडला जातो. गुणवत्तेचा भार ३० टक्के ठेवल्यास 'अ'ला ८३ आणि 'ब'ला ९२.५ गुण मिळून निकाल उलटतो. निविदा तीच, निविदाकार तेच, पण भार बदलला की विजेता बदलतो. म्हणूनच भार आणि गुणांकनाचे निकष निविदा सूचनेतच जाहीर करणे अनिवार्य मानले जाते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयाने ही पद्धत काही अटींवर बांधकामे आणि सल्लागारेतर सेवांसाठीही खुली केली. तेथे गुणवत्तेचा भार कमाल ३० टक्के ठेवण्यात आला.

मागणी एकत्र केल्यानेही खर्चाचे मोल वाढते. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने एलईडी दिव्यांची मोठ्या प्रमाणावर स्पर्धात्मक खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीस सुमारे ३१० रुपये असलेला प्रतिदिवा दर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. तंत्रज्ञान स्वस्त होण्याचाही त्यात वाटा होता. तरी खात्रीशीर मोठी मागणी हे घसरणीचे एक प्रमुख कारण मानले जाते.

निष्पक्षता आणि न्यायालये

या विषयावरील पायाभूत निवाडा मुंबईच्या विमानतळाशी संबंधित आहे. तेथील एक उपाहारगृह व दोन अल्पोपाहार केंद्रे चालवण्यासाठी १९७७ मध्ये निविदा मागवण्यात आल्या. निविदाकार नोंदणीकृत द्वितीय श्रेणीचा हॉटेलचालक असावा व त्यास किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. प्रत्यक्षात ही अट पूर्ण न करणाऱ्यास काम देण्यात आले. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण (१९७९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले, की सार्वजनिक संस्था स्वतः जाहीर केलेल्या निकषांनी बांधलेली असते. अट शिथिल होणार हे ठाऊक असते, तर इतरांनीही निविदा भरल्या असत्या. त्यांची ती संधी हिरावली जाणे हाच खरा अन्याय होय. मात्र याचिका उशिरा दाखल झाली होती आणि मधल्या काळात ठेकेदाराने खर्च केला होता. या व इतर कारणांमुळे प्रत्यक्ष ठेका रद्द झाला नाही. तत्त्व प्रस्थापित झाले, पण वेळेवर दाद मागण्याचे महत्त्वही अधोरेखित झाले.

टाटा सेल्युलर विरुद्ध भारत सरकार (१९९४) या खटल्यात न्यायालयीन पुनर्विलोकनाची मर्यादा स्पष्ट झाली. न्यायालय निर्णयावर अपील ऐकत नाही; निर्णय घेण्याची पद्धत तपासते. जगदीश मंडल विरुद्ध ओडिशा राज्य (२००७) मध्ये हस्तक्षेपापूर्वी दोन प्रश्न विचारावेत असे सांगण्यात आले: निर्णय दुर्हेतूने, पक्षपाताने किंवा पूर्णतः अविवेकाने घेतला आहे काय, आणि त्यामुळे सार्वजनिक हिताला बाधा येते काय. नागपूर मेट्रोच्या कामासंबंधीच्या ॲफकॉन्स खटल्यात (२०१६) निविदेतील अटींचा अर्थ लावण्यास ती निविदा तयार करणारी संस्थाच सर्वांत योग्य असल्याचे न्यायालयाने म्हटले. एरुशियन इक्विपमेंट खटल्यात (१९७५) पुरवठादारास काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकणे आवश्यक ठरवण्यात आले.

संगनमत आणि नियंत्रण

निष्पक्षतेला धोका केवळ अधिकाऱ्यांकडून नसतो. निविदाकारही आपसांत ठरवून स्पर्धेचा देखावा करतात. एकाने मुद्दाम चढा दर भरणे, आळीपाळीने कामे वाटून घेणे, ऐनवेळी निविदा मागे घेणे हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ नुसार असे संगनमत प्रतिबंधित आहे. पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये काही कंपन्यांनी संगनमताने निविदा भरल्याचा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढून दंड आकारला. आरंभीच कबुली देऊन तपासास साहाय्य करणाऱ्यास दंडात सवलत देण्याची तरतूद अशा प्रकरणांत उपयुक्त ठरते.

संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली स्थापन झालेला केंद्रीय दक्षता आयोग केंद्रीय खात्यांच्या व उपक्रमांच्या खरेदीवर देखरेख ठेवतो. निविदा उघडल्यानंतर दराविषयी वाटाघाटी करू नयेत आणि अपवादात्मक परिस्थितीत केल्याच, तर त्या फक्त एल-१ शी कराव्यात, असा त्याचा निर्देश आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक खर्चाची नियमितता तसेच काटकसर, कार्यक्षमता व परिणामकारकता तपासतात. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मुळे तुलनात्मक तक्ते आणि करार सामान्य नागरिकालाही मागता येतात.

सामाजिक उद्दिष्टे

शासन खरेदीतून इतर उद्दिष्टेही साधते. सूक्ष्म व लघु उद्योगांविषयीच्या २०१२ च्या आदेशानुसार केंद्राच्या वार्षिक खरेदीचा २० टक्के हिस्सा त्यांच्याकडून घ्यावयाचा होता. १ एप्रिल २०१९ पासून तो २५ टक्के झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी चार आणि महिला उद्योजकांसाठी तीन टक्के उपलक्ष्य आहे. एल-१ च्या दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत अधिक दर देणाऱ्या अशा उद्योगास, दर एल-१ इतका उतरवण्याची तयारी असल्यास, मागणीचा काही भाग मिळतो. २०१७ च्या आदेशाने देशांतर्गत उत्पादनास प्राधान्य दिले. जागतिक व्यापार संघटनेच्या शासकीय खरेदी कराराचा भारत सदस्य नसून २०१० पासून निरीक्षक आहे.

औषध खरेदी

शासकीय खरेदीचे बरेवाईट परिणाम औषधांच्या बाबतीत थेट रुग्णापर्यंत पोहोचतात. १९९४ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू वैद्यकीय सेवा महामंडळाची पद्धत या संदर्भात आदर्श मानली जाते. औषधे मूळ नावाने थेट उत्पादकांकडून घेणे, नमुन्यांवरील उत्पादकाची ओळख झाकून ते प्रयोगशाळेत तपासणे, जिल्हा गोदामांतून वितरण आणि प्रत्येक रुग्णालयास खर्चाची नोंद ठेवणारे पासबुक ही तिची वैशिष्ट्ये आहेत. महाराष्ट्रात २०१७ पासून ही खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळामार्फत होऊ लागली. तीतील विलंब हा वारंवार चर्चेचा विषय ठरला. २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापण्यात आले.

टीका व मर्यादा

विशिष्ट कंपनीच्याच मालाला जुळतील अशा अटी लिहिणे, अवास्तव अनुभवाची अट घालणे आणि अपुरी मुदत देणे हे निविदा प्रक्रियेतील नेहमीचे दोष म्हणून नोंदवले जातात. कागदोपत्री खुली असलेली निविदा अशा अटींमुळे प्रत्यक्षात बंद होते. देयके वेळेवर न मिळाल्यास पुरवठादार त्याची भरपाई पुढील निविदेतील चढ्या दरात करतात, आणि लहान उद्योग स्पर्धेतून बाहेर पडतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मध्ये कमाल ४५ दिवसांत देयक देण्याची आणि विलंबास चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. परंतु शासन हेच मोठे ग्राहक असल्याने अनेक लहान पुरवठादार ती वापरण्यास कचरतात.

दुसऱ्या बाजूने, पुढे चौकशी होईल या भीतीने प्रामाणिक अधिकारीही गुणवत्तेऐवजी केवळ न्यूनतम दराचा सुरक्षित पर्याय निवडतात, असे मत अनेक अभ्यासक मांडतात. अशा स्थितीत नियम पाळले जातात, पण निकृष्ट वस्तू पदरी पडते. यावर उपाय म्हणून निर्णयाची कारणे धारिकेवर तपशिलाने नोंदवणे, करारानंतरची गुणवत्ता तपासणी बळकट करणे, पुरवठादारांच्या पूर्वकामगिरीची नोंद ठेवणे आणि सद्भावनेने झालेली चूक व भ्रष्टाचार यांत भेद करणे असे मार्ग सुचवले जातात.