किल्ली दुसऱ्याच डिस्कमध्ये

कॉम्प्युटर सुरू होतो म्हणजे नेमके काय होते? बटण दाबले, पंखा घरघरला, पडदा उजळला, एवढे आपण पाहतो. पण त्या पहिल्या काही सेकंदांत एक जुना पेच रोज नव्याने सुटत असतो. यंत्राने काम करायचे तर मेमरीत प्रोग्राम हवा, आणि तो तिथे आणून ठेवायला आधी दुसरा प्रोग्राम हवा. मग पहिला आणला कोणी? आधी कोंबडी की आधी अंडे, त्यातलाच हा प्रकार.

१९५२ साली आयबीएमने ७०१ नावाचे यंत्र जाहीर केले, त्यावर 'लोड' असे एक बटण होते. ते दाबले की पंचकार्डावरचा अगदी पहिला शब्द मेमरीत जायचा, तो पुढच्याला ओढून आणायचा, पुढचा त्याच्या पुढच्याला. बुटाच्या मागच्या पट्टीला धरून माणसाने स्वतःलाच वर उचलावे, तसे हे. म्हणून इंग्रजीत 'बूटस्ट्रॅप' हा शब्द आला आणि झिजून त्याचा 'बूट' झाला. या बूटचे पायातल्या बुटाशी खरेच नाते आहे असे सांगितले, तर आमच्या ऑफिसात कोणी विश्वास ठेवत नाही!

आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी महत्त्वाचे साल १९८३. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटची हार्ड डिस्क पोटात घेऊन आला, आणि सोबत डॉसची दुसरी आवृत्ती. डिस्कच्या पहिल्या सेक्टरला, म्हणजे अवघ्या ५१२ बाइटांना, तेव्हापासून मोठा मान मिळाला. रूढ झालेली वाटणी अशी: ४४६ बाइट सूचनांना, ६४ बाइट डिस्कचे चार वाटे कुठून कुठपर्यंत ते लिहायला, आणि शेवटचे दोन निव्वळ खूण म्हणून. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचे तर गोल शिक्का. शिक्का नसेल तर कागद ग्राह्य नाही!

मग एका केबलवर दोन डिस्का जोडायची सोय आली. एक 'मास्टर', दुसरी 'स्लेव्ह', आणि कोण कोण हे मागच्या बाजूला इवलासा जंपर बसवून ठरवायचे. (या शब्दांना हरकत घेऊन २००३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस काउंटीने पुरवठादारांना ते टाळायला सांगितले होते.) काही डिस्कांत 'एकटी मास्टर' आणि 'जोडीदार असलेली मास्टर' असे दोन वेगळे जंपर असत. जोडीदार काढून टाकला आणि जंपर तसाच राहिला, तर ती चांगली धडधाकट डिस्क जोडीदाराची वाट पाहत बसे आणि कॉम्प्युटरला दिसतच नसे.

आदिलाबादच्या एका निवृत्त गुरुजींचा मला फोन आला तो २०१२ साली. आदिलाबाद आता तेलंगणात, तेव्हा आंध्रात होते. उत्तरेला पैनगंगा, नदीपलीकडे यवतमाळ. निजामाच्या राज्यातला हा जिल्हा. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत त्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले, बाकी जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. मराठी बोलणारी बरीच गावे तिकडेच राहिली. गुरुजींनी अशा गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या आणि दहा वर्षे एकेक करून कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. आमची ओळख पत्रांतून झालेली, तीही ओव्यांवरूनच.

"कॉम्प्युटर मेला हो," ते म्हणाले. कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क कट्कट् वाजायला लागली होती, म्हणून दुरुस्तीवाल्या पोराने ती काढली. ओव्या नव्या डिस्कमध्ये, त्यामुळे काळजी नव्हती. पण बटण दाबताच काळ्या पडद्यावर एकच ओळ: 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'. पोरगा म्हणत होता, फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकू.

"गुरुजी, त्याला हात लावू देऊ नका," मी आधी एवढेच सांगितले.

विंडोज ७ आले २००९ मध्ये. ते कोऱ्या डिस्कवर बसवताना १०० मेगाबाइटचा एक छोटा वाटा वेगळा काढून सुरुवातीच्या फायली त्यात ठेवत असे. पण दोन डिस्का असल्या की या फायली कुठे ठेवायच्या हे विंडोज आपल्याला विचारत नसे. कॉम्प्युटरच्या लेखी पहिली असलेल्या डिस्कवर त्या जात. विंडोज नव्या डिस्कवर, दाराची किल्ली जुनीवर. फायली एका कपाटात आणि त्यांचे आवक रजिस्टर दुसऱ्या खात्यात गेलेल्या कपाटात, असा प्रसंग सरकारी नोकरीत कोणाला नवा आहे?

म्हणून पहिले काम, काढलेली डिस्क परत जोडणे. ती अजून फिरत होती, कॉम्प्युटर सुरू झाला. दुसरे काम, इतर काही करण्याआधी ओव्यांचे फोल्डर पेन ड्राइव्हवर आणि दोन सीडींवर उतरवणे. मग जुनी पुन्हा काढली, विंडोजच्या डीव्हीडीवरून मशीन सुरू केले, 'डिस्कपार्ट'मध्ये नव्या डिस्कवरचा विंडोजचा वाटा 'ॲक्टिव्ह' केला आणि 'स्टार्टअप रिपेअर' चालवले. ते एकदा चालवून भागत नाही, दोनतीनदा चालवावे लागते. तिसऱ्या खेपेला गुरुजींच्या पडद्यावर विंडोज आले. पोरगा हुशार होता, मी फोनवर सांगितलेले त्याने नीट केले; फक्त 'फॉर्मॅट' हा शब्द त्याच्या ओठांवर फार लवकर यायचा.

खरी कटकट पुढेच होती. ओव्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या युनिकोडमध्ये आणायला गुरुजींना आणखी आठ महिने लागले, कारण जोडाक्षरे एकेक तपासावी लागली.

आज बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे आणि पहिल्या सेक्टरचा मान गेला. सुरुवातीच्या फायलींसाठी स्वतंत्र वाटा असतो. पण तो वाटा आधीपासून दुसऱ्या डिस्कवर असेल, तर नवीन विंडोज पुष्कळदा आपली किल्ली तिथेच ठेवून येते. त्यामुळे विंडोज नव्याने बसवताना बाकीच्या डिस्कांच्या केबली काढून ठेवाव्यात, आणि बसवून झाल्यावरच परत लावाव्यात.