वडगावची मोहीम : नेतृत्व आणि जबाबदारी

वडगावची मोहीम : (नोव्हेंबर १७७८–जानेवारी १७७९). पेशवे घराण्यातील राघोबादादांना पुण्यात कारभारावर बसवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई कौन्सिलने काढलेली व मावळात शरणागतीने संपलेली स्वारी. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धातील हा कंपनीचा सर्वांत नामुष्कीचा प्रसंग. अपयशाचे खापर तेव्हा तीन माणसांवर फुटले. तो निवाडा अपुरा होता, असे आज म्हणावे लागते.

सुमारे ३,९०० शिपाई, त्यांत जेमतेम ६०० गोरे, आणि सामान वाहायला १९ हजारांवर बैल असा लवाजमा नोव्हेंबरअखेर पनवेलला उतरला. बोरघाट चढून सगळे वर यायला २३ डिसेंबर उजाडला. खंडाळा ते कार्ले हे बारा-तेरा किलोमीटरचे अंतर, पण त्याला अकरा दिवस लागले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. मराठ्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. शत्रूच्या शौर्याला अशी दाद देण्याची रीत तेव्हा जिवंत होती. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळून ओस केलेले होते. पुणे अवघ्या दोन मजलांवर असताना ११ तारखेच्या रात्री अवजड तोफा तळ्यात ढकलून आणि सामान पेटवून माघार सुरू झाली. वडगावात मराठ्यांनी फौजेला चहूबाजूंनी कोंडले.

सेनापती कोण, हा प्रश्न या मोहिमेत शेवटपर्यंत सुटला नाही. कौन्सिलने जॉन कार्नाक, कर्नल एगर्टन आणि थॉमस मॉस्टिन अशी तिघांची समिती नेमून रणांगणावरचे निर्णय तिच्याकडे सोपवले. मॉस्टिन हा पुणे दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला एकटाच. तो आजारी पडून मुंबईस परतला आणि १ जानेवारीला वारला. एगर्टनची प्रकृती खालावलेली, या मुलखातील लढाईचा अनुभवही तुटपुंजा. त्याने ६ जानेवारीला सूत्रे कर्नल कॉकबर्नकडे दिली. परतीची वाट मराठ्यांनी तोडल्यामुळे एगर्टन मुंबईला जाऊ शकला नाही आणि समितीतच राहिला. कार्नाक नागरी सत्तेचा प्रतिनिधी. त्याच्या संमतीवाचून पान हलत नसे. पिछाडी सांभाळणाऱ्या कॅप्टन हार्टलीने मात्र पनवेलपर्यंत लढत जाता येईल असे शेवटपर्यंत सांगितले. कॉकबर्नने ते मानले नाही.

तरीही मूळ चूक मावळातली नव्हे, मुंबईतली. पुण्यात राघोबांचा पक्ष बळकट आहे, फौज घाटावर आली की सरदार येऊन मिळतील, हे सगळ्या बेताचे गृहीत होते. प्रत्यक्षात राघोबांच्या बाजूचा मोरोबादादा फडणिसांचा कट १७७८ मध्येच मोडला होता. दुसरे म्हणजे वाट न पाहणे. वॉरन हेस्टिंग्जने बंगालहून पाठवलेली फौज तेव्हा कर्नल गॉडर्डसह होशंगाबादेजवळ नर्मदेकाठी थांबली होती. नागपूरकर मुधोजी भोसल्यांचा होकार येतो का, याची ती प्रतीक्षा करत होती. मुधोजी झुलवत राहिले. गॉडर्ड तिथून निघाला तो १६ जानेवारीला, म्हणजे वडगावचा निकाल लागल्यावर. विदर्भाच्या इतिहासात या झुलवण्याची नोंद सहसा होत नाही. ती व्हायला हवी.

इंग्रजी लेखकांनी पराभवाची चिकित्सा बारकाईने केली, पण ती आपल्याच चुकांची यादी म्हणून. अपयश नेत्याचे की परिस्थितीचे, हा वाद कॅप्टन स्कॉटच्या १९१२ च्या दक्षिण ध्रुव मोहिमेबाबतही चालत आला आहे. रोलंड हंटफर्डने १९७९ मध्ये दोष नेत्याच्या माथी मारला, तर सुझन सॉलोमनने २००१ मध्ये त्या वर्षीच्या असाधारण थंडीकडे बोट दाखवले. ध्रुवावर मात्र समोर फक्त हवामान होते. मावळात समोर महादजी शिंदे, तुकोजी होळकर आणि हरिपंत फडके होते, मागे नाना फडणीस. भिवराव पानशांचा तोफखाना वाटेत सतत त्रास देत होता. समोरासमोरची लढाई टाळायची, गवतकाडी व धान्य जाळायचे, शत्रूला आत ओढून घाटाची वाट बंद करायची, हा गनिमी काव्याचा जुना धडा येथे तोफांच्या जोडीने गिरवला गेला. इंग्रजांचा संथपणा जितका एगर्टनचा, तितकाच या डावपेचांनी लादलेला होता.

जानेवारीच्या मध्यास झालेल्या करारात १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत देणे, बंगालची फौज थांबवणे आणि शिंद्यांना भडोचच्या उत्पन्नातील वाटा देणे ठरले. राघोबा महादजींच्या स्वाधीन झाले. दोन इंग्रज अधिकारी ओलीस राहिले. कार्नाकने घाट उतरताच गॉडर्डला थांबवण्याचा हुकूम रोखून धरला. असा करार करण्याचा अधिकार समितीला नव्हता, असे म्हणत मुंबई व कलकत्ता दोन्हीकडून तो झुगारण्यात आला. युद्ध पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

कंपनीच्या संचालकांनी कार्नाक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना बडतर्फ केले. हार्टलीला बढती मिळाली. समितीची रचना आणि तिचा हुकूम ज्याच्या अध्यक्षतेखाली निघाला, तो गव्हर्नर विल्यम हॉर्नबी १७८४ पर्यंत पदावर राहिला.