अंदाजाची रीत

दिवाळीत नातू पुण्याहून शिरूरला आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. रात्री अकरा वाजता लॅपटॉपपुढे कपाळाला आठ्या घालून बसलेला. विमानाच्या पंखावरून हवा कशी वाहते, त्याचं गणित चालू होतं म्हणे.

"झोप आता," म्हटलं तर म्हणाला, "आजोबा, अजून कन्व्हर्ज होत नाहीये."

म्हणजे काय, हे समजून घेण्यात माझे चार दिवस गेले. आणि त्यात भेटले आपल्या पुण्याचेच डॉ. सुहास पाटणकर. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९६२ साली पदवी, मग आय.आय.टी. मुंबई, मग लंडनच्या इंपिरियल कॉलेजची पीएच.डी. तिथले प्रा. ब्रायन स्पाल्डिंग आणि पाटणकर यांनी १९७२ साली एक रीत प्रसिद्ध केली. आद्याक्षरांवरून तिचं नाव 'सिम्पल'! (सोपी मात्र मुळीच नाही.)

अडचण अशी, की हवेचा वेग काढायला दाब माहीत हवा आणि दाबासाठी वेगळं समीकरणच नाही. मग काय करायचं? दाब चक्क अंदाजाने धरायचा. त्यावरून वेग काढायचा. पंखाभोवतीच्या जागेचे बारीक चौकोन पाडलेले असतात. प्रत्येकात जेवढी हवा आली तेवढीच बाहेर गेली का, ते पाहायचं. जुळलं नाही तर त्या फरकावरून दाब दुरुस्त करायचा नि पुन्हा पहिल्यापासून. असं शेकडो वेळा. फरक नगण्य उरला की झालं कन्व्हर्ज.

गंमत म्हणजे आलेली दुरुस्ती पूर्ण घ्यायची नाही. घेतली तर उत्तर भरकटत जातं. १९८० च्या आपल्या पुस्तकात पाटणकरांनी दाबाच्या दुरुस्तीचा ०.८ भागच घ्यावा, असं सुचवलंय.

हे वाचताना मला पस्तीसेक वर्षांपूर्वीचा आठवीचा वर्ग आठवला. फळ्यावर ४० चं वर्गमूळ दिलं होतं. एका मुलाने ६ धरलं, ४० ला ६ ने भागलं, दोहोंची सरासरी काढली, ६.३३. पुन्हा तेच केलं, ६.३२५. उत्तर जवळजवळ बरोबर! मी विचारलं, "रीत कुठाय?" तो म्हणाला, "सर, अंदाजाने काढलं." मी शून्य दिलं, वर सगळ्या वर्गासमोर बोललो. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात हीच रीत लिहून ठेवलीय, हे मला कुठे ठाऊक होतं? मी पडलो मराठीचा बी.ए., गणिताला शिक्षक नव्हते म्हणून तो तास घेणारा.

असो. तो मुलगा आता बाजारपेठेत दुकान चालवतो. परवा मुद्दाम गेलो, सगळं सांगितलं. त्याने चहा मागवला.

"सर," तो म्हणाला, "मी गणित सोडलं ते त्याच वर्षी."