हट, आल्प्समधील

आल्प्स पर्वतात पायी हिंडणाऱ्यांच्या व गिर्यारोहकांच्या मुक्कामासाठी, मोटाररस्ता संपल्यावर तास-दोन तासांच्या किंवा अख्ख्या दिवसाच्या चालीवर उभारलेली घरे. जर्मनभाषक मुलखात ह्युट्टे, फ्रान्समध्ये रफ्यूज, इटलीत रिफुजिओ, स्लोव्हेनियात कोचा अशी त्यांची नावे आहेत. मराठी गिर्यारोहक सरळ ‘हट’ म्हणतात. आठ-दहा जण मावतील अशा पत्र्याच्या खोलीपासून शंभर-दीडशे माणसांच्या दगडी इमारतीपर्यंत सगळे या सदरात येते. बहुतेक हट गिर्यारोहण संघटनांच्या मालकीच्या आहेत आणि अंधारात किंवा वादळात दाराशी आलेल्याला परत धाडायचे नाही, हा तिथला जुना रिवाज आहे. हॉटेलपासून हट वेगळी पडते ती यामुळे. हा रिवाज नेहमीच पाळला गेला, असे मात्र नाही.

खिंडीतून ये-जा करणाऱ्यांना आसरा देण्याची प्रथा गिर्यारोहणाहून कितीतरी जुनी आहे. ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतला मठ अकराव्या शतकातला. शिखरासाठी म्हणून बांधलेला निवारा मात्र १७९९ साली ग्रोसग्लॉकनरच्या पायथ्याशी दिसतो. गुर्कचे बिशप फ्रान्झ झेवियर फॉन साल्म यांनी आपल्या मोहिमेसाठी तो उभारला आणि पुढच्याच वर्षी शिखर सर झाले. १८४० मध्ये लुई आगासी या शास्त्रज्ञाने उंटरआर हिमनदीवरच्या एका प्रचंड शिळेच्या आडोशाला तळ ठोकला आणि त्याला थट्टेने ‘हॉटेल’ असे नाव पडले. माँ ब्लांच्या वाटेवर ग्रां म्युले येथे १८५३ मध्ये लाकडी खोली झाली. खरी लाट आली ती संघटनांबरोबर : ऑस्ट्रियाची १८६२, स्वित्झर्लंड व इटलीच्या १८६३, जर्मनीची १८६९, फ्रान्सची १८७४. स्विस क्लबने तर स्थापनेच्याच वर्षी ट्योडी शिखराजवळ ग्र्युनहॉर्न हट बांधली. आज या एका क्लबच्या दीडशेहून अधिक हट आहेत. जर्मन व ऑस्ट्रियन संघटनांच्या मिळून पाचशेहून जास्त भरतील.

आल्प्सच्या नकाशावर बर्लिनर, कासेलर, हायडेलबर्गर ही सपाटीवरच्या शहरांची नावे भेटतात तेव्हा नवखा माणूस गोंधळतो. कारण साधे आहे. जर्मन-ऑस्ट्रियन संघटनेच्या शहरवार शाखा होत्या. प्रत्येक शाखेने डोंगरातला एक टापू वाटून घेतला, वर्गणी काढून तिथे हट बांधली, वाटा आखल्या व गावच्या वाटाड्यांना काम दिले. प्रागचे व्यापारी योहान श्ट्यूडल यांनी तर १८६८ मध्ये ग्रोसग्लॉकनरच्या दक्षिणेला पदरच्या पैशाने हट उभी केली. मग चढाओढ लागली. झिलरटालमधली बर्लिनर ह्युट्टे १८७९ मध्ये साधेपणाने सुरू झाली आणि वाढत वाढत उंच छताचे, झुंबरांचे भोजनगृह, टपाल कचेरी आणि छायाचित्रे धुण्याची अंधारी खोली इथवर पोचली. १९९७ पासून ती संरक्षित वास्तू आहे. हा थाट अनेकांना खुपला. १९२३ मध्ये बाड ट्योल्झ येथे संघटनेने नियम केले : पिसांच्या गाद्या जाऊन घोंगड्या आल्या आणि ग्रामोफोन बंद झाला. डोंगरात नुसती हवा खायला येणाऱ्यांनी दुसरीकडे जावे, असा त्याचा रोख होता.

साधेपणाचा हा आग्रह आणि माणसे गाळण्याची हौस त्या काळात हातात हात घालून चालली, हे या इतिहासाचे सर्वांत अप्रिय पान आहे. १९२१ मध्ये व्हिएन्नाच्या मोठ्या शाखेने ज्यूंना सभासदत्व नाकारले. त्यांनी व त्यांच्या मित्रांनी ‘डोनाउलांड’ ही वेगळी शाखा काढली, तर १९२४ मध्ये संघटनेने ती शाखाच बाहेर काढली. नाझी सत्तेवर येण्याला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. काही हटच्या दारांवर ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्याही लागल्या. या प्रकाराच्या निषेधार्थ बर्लिनमध्ये निघालेल्या स्वतंत्र संघटनेने झिलरटालमध्येच, सुमारे २,५०० मी. उंचीवर, फ्रीझेनबर्गहाउस बांधले. आज ते जर्मन संघटनेच्या बर्लिन शाखेकडे आहे आणि त्या बहिष्काराचे स्मारक म्हणूनही ते जपले जाते.

हट हा जमिनीवरचा हक्कही असे. स्लोव्हेनियन धर्मगुरू याकोब अल्याझ यांनी १८९५ मध्ये त्रिग्लाव शिखराच्या माथ्यावरची जागा एका गुल्डनला विकत घेऊन तिथे पत्र्याचा छोटा मनोरा रोवला आणि पुढच्याच वर्षी खाली क्रेदारित्सा येथे स्लोव्हेनियन हट उघडली. परिसरातल्या जर्मन संघटनेच्या वर्चस्वाला ते उत्तर होते. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे गेले तेव्हा तिथल्या जर्मन-ऑस्ट्रियन हट जप्त होऊन इटालियन क्लबच्या हवाली झाल्या. काही घरांना त्यामुळे आजही दोन नावे आहेत. तिथली कासेलर ह्युट्टे म्हणजेच रिफुजिओ रोमा.

प्रत्यक्ष मुक्कामाची रीत देशोदेशी जवळपास सारखीच. आल्याबरोबर बूट दाराजवळच्या फळीवर, काठ्या कोपऱ्यात आणि पायांत हटच्या सपाता. मग व्यवस्थापकाला तोंड दाखवायचे आणि नोंदवहीत नाव, कुठून आलो, उद्या कुठे जाणार हे लिहायचे. ही नोंद म्हणजे निव्वळ उपचार नव्हे. कोणी बेपत्ता झाला की शोधपथक आधी ही वही चाळते. निजायला बहुधा लांबलचक माच्यावर ओळीने मांडलेल्या गाद्या. स्त्री-पुरुष, ओळखीचे-अनोळखी सगळे शेजारी शेजारी. पांघरायला घोंगडी मिळते, पण आतली पातळ खोळ ज्याची त्याने आणायची, कारण घोंगड्या रोज धुणे शक्यच नसते. काही जुन्या घोंगड्यांच्या एका टोकाला ‘पाय’ असे जर्मनमध्ये विणलेले असते, म्हणजे कालच्या पाहुण्याच्या पायांकडची बाजू आज कोणाच्या नाकाशी येऊ नये. जेवण संध्याकाळी साडेसहा-सातला, सगळ्यांना एकच : सूप, मग पास्ता, पोलेंटा किंवा मांसाचा रस्सा, शेवटी काही गोड. शाकाहाऱ्याने जागा राखतानाच तसे सांगावे. वर पोचून सांगितले तर बहुधा चीज आणि बटाट्यावर भागवावे लागते. दहाला दिवे मालवतात. हिमनदी ओलांडून शिखराला जाणाऱ्यांचा नाश्ता मात्र पहाटे दोन-तीनला मांडला जातो, आणि त्यांच्या पिशव्यांची कुरकुर बाकीच्यांनी निमूट सोसायची असते.

वरचा साधा चहाही महाग का, हे सामान कसे येते ते पाहिल्यावर कळते. पूर्वी खेचरे व हमाल वाहत. आता सामानाची तारगाडी, आणि ती नसेल तिथे हेलिकॉप्टर. पाणी वितळत्या बर्फाचे. जिथे ते पिण्याजोगे नसते तिथे बाटली विकत घ्यावी लागते आणि आंघोळीचे नाव काढू नये. मॉन्टे रोझाच्या नव्या हटचे (२००९) ॲल्युमिनियमने मढवलेले, स्फटिकासारखे घर झ्युरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या मदतीने झाले. त्याची बरीचशी वीज दक्षिणेकडच्या सौरपट्ट्यांतून येते. संघटनेच्या सभासदाला मुक्कामात सवलत मिळते, आणि परस्पर करारांमुळे ती शेजारदेशातही चालते.

हिवाळ्यात व्यवस्थापक खाली उतरतो, तरी अनेक ठिकाणी एक खोली उघडी किंवा सभासदांच्या किल्लीने उघडणारी ठेवतात. तिथे चूल, सरपण, घोंगड्या आणि पैसे टाकायची पेटी असते. मोजदाद करायला कोणी नसते. व्यवहार विश्वासावर चालतो. याहून उघड्यावरचा प्रकार म्हणजे इटालियन ‘बिव्हाको’, कड्यावर टेकवलेली पत्र्याची पेटी. मॅटरहॉर्नच्या धारेवर ४,००३ मी. उंचीवरची सॉल्व्हे हट केवळ संकटासाठी आहे. तिथे ठरवून राहायला जाणे गैर समजले जाते.

सगळ्यांत उंच हट कापाना रेजिना मार्गेरिता (४,५५४ मी.) मॉन्टे रोझाच्या एका शिखराच्या थेट माथ्यावर आहे. १८९३ मध्ये इटलीची राणी मार्गेरिता स्वतः वर गेली आणि तिच्या उपस्थितीत उद्घाटन झाले. सध्याची इमारत १९८० ची. बाहेरून तांब्याचा पत्रा असल्याने वीज पडली तरी आतली माणसे सुरक्षित राहतात. शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी विरळ हवेचा शरीरावरचा परिणाम तपासण्यासाठी या जागेचा उपयोग केला आणि उंचीच्या आजारावरचे संशोधन तिथे आजही चालते.

आता पायाखालची जमीनच हलू लागली आहे. आलेच हिमनदीच्या काठची कोंकोर्डिया हट १८७७ मध्ये झाली तेव्हा बर्फ तिच्यापासून थोडासाच खाली होता. हिमनदी खचत गेली तसतशी खडकाला लोखंडी शिडी ठोकावी लागली. आज चारशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात आणि जिना अधूनमधून खालून वाढवावा लागतो. खडकातले कायमचे गोठण सुटल्याने काही हट बंद करून दुसरीकडे नेण्याचे घाटत आहे. माँ ब्लांच्या नेहमीच्या वाटेवर गर्दीचा प्रश्न वेगळाच. तिथल्या गूते रफ्यूजची नवी, अंडाकृती इमारत २०१३ मध्ये ३,८३५ मी. उंचीवर उघडली. पण २०१९ पासून या वाटेने जाणाऱ्याला वाटेवरच्या हटमध्ये राखीव जागा असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. तो नसेल तर त्याला खालूनच परत पाठवले जाते. २०२२ च्या उन्हाळ्यात दरडींमुळे ही वाट इतकी धोक्याची झाली की कोणी चढू नये म्हणून गूते व तेत रूस या दोन्ही हट ऑगस्टमध्ये काही काळ बंदच ठेवाव्या लागल्या.