लाल किल्ल्यातील ‘जाणता राजा’

एप्रिल २०१८ मध्ये बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य लाल किल्ल्याच्या प्रांगणात सादर झाले. शनिवार-रविवारी विद्यार्थ्यांसह ते पाहिले. घोडे, मावळे, राज्याभिषेकाचा सोहळा पाहून मुले हरखली.

महानाट्य राज्याभिषेकापाशी संपते. मराठ्यांचा या किल्ल्याशी संबंध त्यानंतरच्या शतकातला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत घडले. पुढे १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा घेतली आणि महादजी शिंद्यांनी शाहआलमला तख्तावर आणले.

म्हणून रविवारी सकाळी मुलांना दिवाण-इ-खासही दाखवला. दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांना पूर्वजांचा पराक्रम कळावा, तशीच त्यांची ओढग्रस्तही कळावी. हीरक महोत्सवानंतरही आपल्या शाळेत इतिहास असाच शिकवला जावा.